उजव्या पुठ्ठ्यावरचा शिक्का

कातरणीच्या दिवशी पाऊस नसला की ग्रिझेल ब्रायडनला देवाचे आभार मानावेसे वाटत, आणि लगेच भीतीही वाटे, की एवढीशी गोष्ट मागून घेऊन आपण मोठ्या मागण्याची संधी तर घालवली नाही ना. आज आभाळ कोरडं होतं. डॉडहोपच्या टेकडीवर सकाळचं ऊन उतरत होतं, मेंढवाड्यातून आयांपासून वेगळ्या केलेल्या कोकरांचा कालवा ऐकू येत होता, आणि मोठी गोष्ट मागायची राहिलीच होती.

तिने मटणाच्या हंड्यावरचं झाकण सरकवून पाहिलं. शेजारच्या शेतांवरची माणसं यायला लागली होती. कातरणीला कोणी मजुरी घेत नाही. आज ते इथे, उद्या-परवा आपण त्यांच्याकडे. मोबदला म्हणजे जेवण, आणि त्या जेवणावरून घरच्या बाईची वर्षभर चर्चा होते.

"आई, बाबा काही बोलले का?" एल्स्पेथने विचारलं. ती ग्रिझेलची थोरली सून. रॉबची विधवा, असं म्हणायला ग्रिझेलची जीभ अजून वळत नसे. एल्स्पेथचे हात कोपरापर्यंत पिठात होते आणि ती गरज नसताना कणीक तिंबत होती.

"म्हाताऱ्याला बोलतं करायचं तर हवामानच बदलावं लागतं. सकाळी दाढी करताना गाल कापून घेतलाय. म्हणजे विचार चाललाय."

"आणि जेस?" नणंदेचं नाव एल्स्पेथने हळूच घेतलं.

"जेसचं तोंड कालपासून बघतेयस की तू."

एल्स्पेथ हसली नाही. "मार्टिनमसला डेव्हीची इथली बोली संपते. सीमेपलीकडच्या शेतावर त्याला घर मिळतंय, कळप मिळतोय. नोव्हेंबर काही लांब नाही, आई. मी त्याला हो म्हटलंय, ते मी परत घेणार नाही."

"मी घे म्हटलं का?"

"नाही. पण इथून जायला माझे पाय उचलणार नाहीत."

"मग?"

"मग उचलीन," एल्स्पेथ म्हणाली, आणि कणकेचा गोळा परातीत आपटला.

ग्रिझेलने हंड्याखालचा जाळ कमी केला. डेव्ही लिंटन हा डॉडहोपचा मेंढपाळ. गेल्याच्या आदल्या मार्चमध्ये हिमवादळात अडकलेल्या मेंढ्या काढायला तो आणि रॉब वर गेले होते आणि एकटा डेव्ही परत आला होता. आता त्याच डेव्हीशी एल्स्पेथ लग्न करणार होती. ग्रिझेलला हे कळलं तेव्हा ती गोठ्यात जाऊन थोडं रडली, आणि रडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटलं ते लग्नाचं नव्हे. पलीकडच्या खोलीत सकाळी एल्स्पेथ खोकते, पडदा सरकवते, बूट शोधते, ते आवाज बंद होतील, याचं वाटलं होतं.

आता सगळं तिच्या नवऱ्याच्या, वॉल्टरच्या हातात होतं, आणि तेही अक्षरशः. ईस्टरपासून त्याचा उजवा हात लुळा पडल्यासारखा झाला होता. कातरून झालेल्या मेंढीच्या पाठीमागे उभं राहून तिच्यावर डांबराचा 'ब' उमटवायचा, ते काम मालकाचं, नाहीतर मालकाच्या मागे जो मालक होणार त्याचं. या खोऱ्यात वारस कधी कोणी तोंडाने जाहीर करत नाही. कातरणीला हौसेने एखाद-दुसरा शिक्का कोणीही मारतं, पण सगळा कळप कोणाच्या हातून जातो ते माणसं बघतात आणि घरी जाऊन बायकांना सांगतात. पुढे गावातल्या वकिलालाही तेच कळतं. रॉब असताना शिक्का रॉबच्या हातात असे. गेल्या वर्षी वॉल्टरने स्वतः मारला. आज कोणाला तरी तो द्यावा लागणार होता.

"स्कोन जळतील," ग्रिझेल म्हणाली. "आणि डोळे पूस. पीठ लागलंय म्हणून सांगता येईल, पण शेजारच्या टॅम एमसला पटणार नाही."

*

"हात फार नाजूक झालेत रे तुझे, ॲडम," टॅम एमस म्हणाला.

ॲडमने तळहात पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी फोड आला होता. तो ब्रायडनांचा धाकटा मुलगा, एडिंबरात राहणारा. तीन मेंढ्या कातरून होईपर्यंत त्याच्या पाठीचा कणा बोलायला लागला होता. शेजारच्या बाकावर कर्कबर्नचा टॅम एमस, पासष्टीचा, गुडघ्यात मेंढी धरून गाणं गुणगुणल्यासारखी कातर चालवत होता.

"विमा कंपनीत मेंढ्या नसतात, टॅमकाका."

"नसतात? मग कातरता कोणाला?"

मेंढवाड्यात हशा पिकला. ॲडमही हसला. या माणसांत तो आला की पहिल्या तासात त्याला फार बरं वाटे. दुसऱ्या तासापासून आपण पाहुणे आहोत हे आठवू लागे.

वॉल्टर गडग्यावर बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून, जणू तो दुसऱ्या कोणाचा असून सांभाळायला दिला होता. त्याच्या पायाशी पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, जाळावर डांबराचं भांडं होतं. त्यात लांब दांड्याचा लोखंडी शिक्का उभा होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं, इतकं सगळ्यांचं त्याच्याकडे लक्ष होतं.

"डॉडहोप," टॅमने हाक मारली. इथे शेतकऱ्याला त्याच्या शेताच्या नावानेच हाक मारतात. "तुला पोस्टमननं सांगितलं का? आपला परगणा गेला. मे महिन्यापासून सेलकर्कशायर नाहीच म्हणे. चार परगणे मिळून एक मोठा प्रदेश केलाय."

"टेकडीला कळवलंय का कोणी?" वॉल्टर म्हणाला.

"पत्त्यात लिहू नका म्हणाला."

"मग त्याला म्हणावं, पत्रं आणू नकोस. बिलंच असतात."

ॲडमला वाटलं, बोलायचं तर हीच वेळ. बाबा विनोद करताहेत तोवर. त्याने कातर खाली ठेवली आणि गडग्यापाशी गेला. "बाबा, त्या झाडं लावणाऱ्यांना काय कळवू?"

"काही नको."

"त्यांना अख्खी टेकडी हवीय. तुम्हाला आणि आईला सेलकर्क गावात छान घर घेता येईल, जेसच्या रस्त्यावरच. आणि तसंही या भागाला एट्रिकचं जंगल म्हणतात. राजांनी शिकारीला राखलेलं. झाडं गेली, हरणं गेली, नुसतं नाव राहिलं. झाडं लागली तर नाव तरी खरं होईल."

"चारशे वर्षं खोट्या नावावर बरं चाललंय." वॉल्टरने डाव्या हाताने जाळ सारखा केला. "ॲडम, त्या वरच्या उतारावर कुंपण आहे का?"

"नाही."

"टॅमच्या मेंढ्या इकडे येतात का?"

"नाही येत."

"का नाही येत? कारण इथवर आपलं आणि पुढे परक्याचं, हे मेंढीला तिच्या आईनं दाखवलेलं असतं, आणि तिला तिच्या आईनं. मालक बदलला तरी कळप डोंगराचाच राहतो तो त्यासाठी. तो एकदा खाली उतरवलास, की दुसरा आणून तिथे सोडता येत नाही. नव्या मेंढ्यांना ते शिकवायला एक माणूस रोज सकाळ-संध्याकाळ, पावसात, बर्फात, वर्षानुवर्षं मागे लागतो. मी कुठून आणू तो?"

"मला मेंढ्यांची काळजी नाहीये. मला तुमची आहे. पुन्हा तसा हिवाळा आला तर?"

"मग तू ये."

ॲडमने ओढ्याकडे पाहिलं. मेंढवाड्याच्या खाली ओढा वळतो तिथे काळाभोर डोह आहे. त्याला आठवलं, पंधराव्या वर्षी त्याने पहिल्यांदा शिक्का हातात घेतला तेव्हा घाईत तो मेंढीच्या डाव्या पुठ्ठ्यावर मारला होता. डॉडहोपचा शिक्का उजव्या पुठ्ठ्यावर. डावा पुठ्ठा टॅम एमसच्या कर्कबर्नचा. डोंगरावर दुरून अक्षर दिसत नाही, बाजू दिसते. म्हणजे त्याने घरची मेंढी शेजाऱ्याला देऊन टाकली होती. रॉबने त्याला उचलून कपड्यांसकट डोहात फेकलं. तो घरचाच कायदा होता. रॉब स्वतः त्यात गेलेला, जेस नव्या झग्यानिशी गेलेली, आणि लग्न होऊन आलेल्या वर्षी आईसुद्धा गेली होती म्हणे, खुद्द सासऱ्याच्या हातून. मात्र एकदा मास्तरांच्या पुतण्याने हौसेने शिक्का घेतला आणि तीच चूक केली, तेव्हा बाबा गोड आवाजात म्हणाले होते, "असू दे, होतं असं," आणि त्याला पुडिंग जास्त वाढलं होतं. परक्याला माफ करायचं, घरच्याला भिजवायचं, अशी ती रीत.

"मला नाही येता येणार, बाबा," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा लहान निघाला.

"ठाऊक आहे मला," वॉल्टर म्हणाला, आणि डाव्या हाताने त्याच्या फोड आलेल्या हातावर हलकेच थोपटलं. "जा, मेंढी उन्हात अर्धी कातरलेली आहे. तिची लाज राख."

*

दुपारी मेंढवाड्याबाहेर फळ्या टाकून जेवणं झाली. जेस चहाची मोठी किटली घेऊन रांगेने ओतत गेली. ब्रायडनांची ही मधली लेक सेलकर्क गावात दिलेली, आणि घरात सगळ्यात तिखट. टॅमला ओतला, त्याच्या मुलांना ओतला, ॲडमला ओतला. डेव्ही लिंटनचा पेला आला तेव्हा किटली त्याच्यावरून पुढे गेली. डेव्हीने पेला उलटा करून ठेवला. ते सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी पुडिंगची तारीफ केली.

किटली ठेवून जेस ॲडमच्या शेजारी टेकली. "बाबांशी बोललास? शिक्का तू घेणार ना?"

"घेईन, त्यांनी दिला तर. पण जेस, मी इथे राहायला येणार नाहीये."

"विचार करतो म्हणाला होतास."

"केला."

"मग शिक्का घेऊन करणार काय?"

"विकणार. आणि त्यांना तुझ्या शेजारी आणून ठेवणार. तुलाही तेच बरं वाटेल असं मला वाटलं होतं."

जेस त्याच्याकडे बघतच राहिली. गेला महिनाभर टेलिफोनवर दोघं एका बाजूचे होते. कसल्या बाजूचे, ते तिला आत्ता कळलं. "म्हणजे झाडं? रॉबच्या डोंगरावर ओळीनं काळी झाडं? ॲडम, त्यांच्याखाली गवतसुद्धा उगवत नाही रे."

"मग शिक्का डेव्हीच्या हातात चालेल तुला?"

जेस उठली. थाळ्या गोळा करायचं निमित्त काढून ती स्वयंपाकघरात गेली. तिथे ग्रिझेल उभ्याने, हंड्यातूनच, उरलेलं खात होती.

"आई, बसून खा."

"बसले की उठवत नाही. चहा का दिला नाहीस त्याला?"

"कोणाला?"

"जेस."

"मला जमत नाही, आई. तो समोर आला की मला एवढंच दिसतं, हा दारात उभा होता आणि मागे कोणी नव्हतं."

ग्रिझेलने चमचा खाली ठेवला. ती काही फार बोलणारी बाई नव्हती, आणि आता बोललं तर ते वाकडं निघेल अशी तिला धास्ती वाटली. तरी ती बोलली. "जूनमध्ये तुमच्या चौकात ते निशाण फिरवतात ना गं, तेव्हा तू रडतेस दर वर्षी?"

"सगळेच रडतात."

"फ्लॉडनच्या त्या जुन्या लढाईला गावातले ऐंशी गेले आणि एकटा परत आला म्हणतात. काही बोलला नाही. नुसतं निशाण खाली टाकलं. आणि तुम्ही सगळे गप्प उभे राहता. एक माणूस खोकत नाही."

"हो. मग?"

"मग काही नाही. त्याला कोणी विचारलं असेल का, तू का आलास म्हणून? त्याच्याही गावात रॉबसारख्यांच्या बहिणी होत्या की."

जेसने थाळ्या पाण्यात सोडल्या. पाणी उडालं. ती बराच वेळ एकच थाळी घासत राहिली. मग तिने बादली उचलली आणि मागच्या झऱ्याकडे गेली, आणि तिथे डेव्ही होता.

उंच, वाकलेला, ओंजळीने पाणी पीत होता. तिला पाहून त्याने जागा दिली.

"तुला चहा मिळाला नाही," जेस म्हणाली.

"पाणी गार आहे इथलं. बरं असतं."

तिने बादली झऱ्याखाली लावली. आवाज मोठा होता. त्या आवाजाआड तिला विचारता आलं. "त्या दिवशी तो काय बोलत होता?"

डेव्हीने मान वर केली. "हे मला आजवर कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला.

"मी विचारतेय."

"गालाबद्दल."

"कशाबद्दल?"

"गाला. आदल्या शनिवारी आपल्या सेलकर्कनं रग्बीत गालाला हरवलं होतं ना. वादळ सुटलेलं, तोंडाला फडकी बांधलेली, काही ऐकू येत नव्हतं, तरी त्याचं तेच चाललेलं. म्हणे रविवारी जेसच्या घरी जायचं, मेव्हण्याचं तोंड बघायला. डोळे पुसायला त्याच्यासाठी रुमाल न्यायचा. चांगला मोठा."

जेसचा नवरा गाला गावचा होता, पाच-सहा मैलांवरचा, आणि त्याबद्दल खोऱ्याने तिला अजून माफ केलेलं नव्हतं. तिने तोंडावर हात धरला. हसू आलं होतं. मग ते हसू राहिलं नाही.

"मग?"

"मग गडगा आला. तो म्हणाला, तू गडग्याकडेनं जा, घळीतल्या मी काढतो. मी म्हटलं, घळीत मी उतरतो. तो म्हणाला, घळ माझी आहे. तू नोकर माणूस, सांगितलेलं ऐक." डेव्हीने ओले हात पँटला पुसले. "हसून म्हणाला. चिडवायला. आणि मी ऐकलं."

बादली केव्हाच भरून वाहत होती.

"नंतर मी दोनदा वर गेलो होतो. पण ते सांगून काय होतं?"

"काही होत नाही," जेस म्हणाली. तिने बादली उचलली, दोन पावलं गेली आणि मागे न बघता म्हणाली, "किटलीत चहा आहे अजून. वर ये."

*

ऊन कलतं झालं तसं वॉल्टर ब्रायडनला कळलं की आता आणखी वेळ काढता येणार नाही. कातरलेल्या मेंढ्या पांढऱ्या, बारीक, स्वतःलाच न ओळखणाऱ्या, कोपऱ्यात दाटीने उभ्या होत्या. डांबर उकळत होतं. माणसं काम करत होती, पण बोलणं थांबलं होतं.

त्याने सगळ्यांकडे बघून घेतलं. ॲडम घामाने निथळत होता. चांगला मुलगा, जायला निघालेला. ग्रिझेल ॲप्रनमध्ये हात गुंडाळून फाटकात आली होती. एल्स्पेथ फळीवर लोकर गुंडाळत होती, मान खाली. जेस तिच्या शेजारी उभी राहून तेच करत होती. दोघींमध्ये सकाळी होती त्यापेक्षा कमी जागा होती, की त्याला तसं वाटलं, कोणास ठाऊक. हल्ली त्याला आपल्या डोळ्यांची खात्री नसे.

आयुष्यभर तो मेंढ्यांबद्दल चटकन ठरवत आला होता. माणसांबद्दल त्याला कधीच धड ठरवता आलं नाही. रॉबला विसरायचं नव्हतं. रॉबच्या बायकोला घालवायचं नव्हतं. आणि या दोन गोष्टींच्या मधोमध हा उंच, गप्प माणूस वाकून उभा होता, ज्याने त्याच्या मुलाला शेवटचं पाहिलं होतं.

"डेव्ही," तो म्हणाला. "शिक्का घे."

कुत्रीसुद्धा वळून बघू लागली. एल्स्पेथच्या हातातली लोकर उलगडून खाली आली.

"मी, मालक?"

"दुसरा डेव्ही आहे का इथे?"

डेव्हीने शिक्का उचलला. तो डॉडहोपला आला त्या दिवसापासून कातरणीला मेंढी धरायचा; समोरून, शिंगांना धरून, तोंड मेंढीकडे करून. शिक्का कुठे पडतो ते त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं, आपल्या डाव्या हाताला. आज पहिल्यांदाच तो मेंढीच्या मागे उभा होता. टॅमच्या मुलाने मेंढी धरली. डेव्हीने डांबर निथळवलं, श्वास रोखला, आणि डोळ्यांना सवय होती तिथे, आपल्या डाव्या हाताला, शिक्का टेकवला.

स्वच्छ, सुबक 'ब' उमटला. मेंढीच्या डाव्या पुठ्ठ्यावर.

त्याला स्वतःला ते कळायला एक क्षण लागला. मग कानांपासून मानेपर्यंत तो पांढरा पडला. कोणी हसलं नाही, आणि तेच वाईट होतं. टॅम एमस, ज्याला एरवी फुकट मिळालेल्या मेंढीवर बोलायला संध्याकाळ पुरली नसती, तोही घसा खाकरून बुटांकडे बघू लागला. "असू दे, डॉडहोप," तो सभ्यपणे म्हणाला. "डांबर पुसलं जाईल. होतं असं."

वॉल्टरला डेव्हीची दया आली. त्याला धीर द्यावा म्हणून वॉल्टरनेही तेच शब्द जिभेवर आणले, मऊ, गोड आवाजात म्हणायचे, आणि फाटकात उभ्या ग्रिझेलचा चेहरा त्याला दिसला. ती मान हलवत होती, अगदी बारीक, नको, नको. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हे शब्द आपण आजवर कोणाला म्हणत आलो. ते म्हटले की डेव्हीच्या हातून शिक्का आपोआप सुटेल. पण न म्हणून करायचं काय? हात लुळा, पाय थकलेले. त्याने तोंड उघडलं.

"बाबा, थांबा," जेस म्हणाली.

तिने लोकर फळीवर ठेवली, बाह्या वर सारल्या आणि मेंढवाडा ओलांडून आली. डेव्हीसमोर ती उभी राहिली तेव्हा तिची उंची त्याच्या खांद्याइतकीही भरत नव्हती.

"डावा पुठ्ठा," ती म्हणाली.

"हो."

"डॉडहोपची मेंढी डाव्या पुठ्ठ्यावर."

"जेस, मी..."

"ॲडम!" ती ओरडली. "बघत काय बसलायस? पाय धर त्याचे!"

ॲडम दोन क्षण दगडासारखा उभा राहिला. मग त्याने कातर फेकली आणि धावला. टॅमची मुलं धावली. कोणीतरी आरोळी ठोकली, कुत्री भुंकू लागली, मेंढ्या कोपरा सोडून उधळल्या, आणि डेव्ही लिंटन हातापायांवर उचलला जाऊन गडग्यावरून, उतारावरून, ओढ्याकडे निघाला. तो जराही झगडत नव्हता.

"बूट!" ग्रिझेल मागून धावत ओरडली. "मेल्यांनो, बूट काढा आधी त्याचे! नवीन आहेत!"

बूट काढायला कोणी थांबलं नाही. डोहाने त्याला पूर्ण गिळलं, वर आणलं, आणि तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला, केस डोळ्यांवर, तोंड उघडं. तोंडावरून काय काय वाहत होतं ते पाण्यामुळे कोणाला वेगळं करता आलं नसतं. काठावर एल्स्पेथ गुडघ्यांवर बसली होती आणि दोन्ही हातांनी पोट धरून हसत होती. असं हसताना तिला या घराने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"टॅम," वॉल्टरने गडग्यावरून हाक मारली, "ती मेंढी तुझी झाली रे!"

"मागून घेणार नाही ना परत?"

"ब्रायडन दिलेलं परत मागत नाहीत. त्यातून पोराच्या हातची आहे."

जेस कुठे दिसत नव्हती. ती घरातून आली तेव्हा तिच्या हातात राखी रंगाचा जाड स्वेटर होता, डांबरगोळ्यांचा वास येणारा. तो कोणाचा होता ते कोणी विचारलं नाही. ग्रिझेलने एकदा त्यावरून हात फिरवला, तो पुरता फिरेपर्यंत जेस थांबली, मग पुढे गेली.

डेव्हीने काठावर उभं राहून तो अंगात घातला. खांदे बरोबर बसले. बाह्या बोटांच्याही खाली आल्या.

"त्याचे हात लांब होते," जेस म्हणाली. तिने त्याचं मनगट धरलं आणि एक बाही दुमडली, मग दुसरी, नीट, घट्ट, कामात सुटू नयेत अशा. नंतर डांबरात उभा असलेला शिक्का आणून त्याच्या हातात दिला.

"उजवा पुठ्ठा," ती म्हणाली. "मेंढीचा उजवा. तुझा नव्हे."

"पुढची आणा," वॉल्टर म्हणाला.